सात फुटांची पाचर

बोरीचं झाड बांधावर आहे, याबद्दल आमच्यात आणि शेजारच्या तात्यांच्यात कधी दुमत नव्हतं. लहानपणी आम्ही आमच्या बाजूनं बोरं वेचायचो, त्यांची पोरं त्यांच्या बाजूनं. २०२५ च्या संक्रांतीला गावी गेले, तेव्हा ते झाड तात्यांच्या शाळवात उभं होतं, बांधापासून चांगलं दोन पावलं आत. झाडाला काही पाय फुटले नव्हते.

आमचं रान सातारा जिल्ह्याच्या पूर्वेच्या दुष्काळी पट्ट्यात. आप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, नावावर १ हेक्टर १२ आर, म्हणजे पावणेतीन एकर. तात्यांचा आणि आमचा बांध एकच, साधारण साडेचारशे फुटांचा. वरचं टोक विहिरीजवळ, खालचं ओढ्याकडं. तात्यांच्या पलीकडच्या अंगाला गावाचा रस्ता. पूर्वी या बांधावरून आई डोक्यावर भारा घेऊन चालायची आणि समोरून कुणी आलं तर दोघी एकमेकींना वाट देऊ शकायच्या. आता खालच्या निम्म्यात पाऊल आडवं ठेवायलाही जागा नव्हती. दरवर्षी ट्रॅक्टरचा फाळ वीतभर आत घुसतो आणि पाच-सात वर्षांनी शेजाऱ्याच्या लक्षात येतं. बांध कोरणं म्हणतात ते हेच.

मी तिथंच उभी राहून तात्यांना फोन लावला. ही माझी पहिली चूक. असं बोलणं फोनवर करू नये, आणि रागात तर मुळीच नाही.

"तात्या, बांध कुठं गेला आमचा?"

"आगं पोरी, बांध काय पळून जातोय व्हय? हाय तिथंच हाय. माझंच रान कमी भरतंय, तुला काय सांगू."

या उत्तरातलं पहिलं वाक्य मी ऐकलं. दुसरं ऐकायला मला सहा महिने लागले.

संध्याकाळी तात्यांचा मुलगा आमच्या अंगणात आला. माझा चुलतभाऊ तिथंच होता. शब्दाला शब्द लागला, कुणीतरी मोबाइलवर शूटिंग सुरू केलं, आणि दुसऱ्या दिवशी दोघंही पोलीस ठाण्यात. तिथं अदखलपात्र म्हणून नोंद झाली आणि 'ही दिवाणी बाब आहे' असं सांगून दोघांना परत पाठवलं. एवढ्यासाठी अख्खा दिवस गेला. मी पुण्याला परतले ती डोकं धरूनच.

तालुक्याला एका वकिलांना भेटले. पाचशे रुपये फी घेऊन त्यांनी एकच प्रश्न विचारला, "मोजणी झालीय? नाही? मग दावा कशावर लावू?" सातबाऱ्यावर क्षेत्र असतं, हद्द नसते. ही साधी गोष्ट मला चाळिशी ओलांडल्यावर कळली. सातबारा दाखवून 'आमचं इतकं आहे' म्हणता येतं, पण ते इतकं कुठून कुठपर्यंत, हे सांगायला नकाशा लागतो आणि तो जमिनीवर बसवणारा माणूस लागतो.

त्याआधी गावात मिटतंय का पाहिलं. आमच्या वेशीवर 'तंटामुक्त गाव'चा फलक अजून आहे, रंग उडालेला. ही मोहीम २००७ च्या स्वातंत्र्यदिनी सुरू झाली आणि आमच्या गावात समिती अजून नावापुरती का होईना बसते. २ फेब्रुवारीला, रविवारी, मारुतीच्या देवळात दोन्ही घरं बसली. दीड तास जुन्या गोष्टी निघाल्या, चहा झाला, आणि तोडगा निघाला तो असा: जे काही कमी आहे ते दोघांनी निम्मं-निम्मं सोडावं. आप्पा उठून उभे राहिले. "माझंच रान मी निम्मं सोडू?" एवढंच म्हणाले आणि चपला घालून चालू लागले.

समितीला दोष देत नाही. किती कमी आहे हेच कुणाला माहीत नव्हतं, तर ते निम्म्याशिवाय काय सांगणार?

तलाठ्यांनी (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं, पण गावात अजून तलाठीच) सलोखा योजनेचं नाव काढलं. ३ जानेवारी २०२३ च्या शासन निर्णयानं आलेली ही योजना. एकाची जमीन दुसऱ्याच्या ताब्यात आणि दुसऱ्याची पहिल्याच्या, असं किमान १२ वर्षं चालत आलं असेल तर अदलाबदलीचा दस्त करता येतो. मुद्रांक शुल्क १००० आणि नोंदणी फी १००० रुपये, एवढ्यात काम होतं. ज्यांचं असं उलटसुलट झालंय त्यांनी जरूर चौकशी करावी. आमचं प्रकरण त्यात बसत नव्हतं. आमच्याकडं तात्यांचं काहीच नव्हतं.

मग मोजणीचा अर्ज. भूमी अभिलेख खात्याचं काम आता ई-मोजणी २.० वर चालतं, अर्ज घरून भरता येतो. मोजणीच्या प्रकारात 'हद्द कायम' निवडायचं. वाटणी करून तुकडे पाडायचे असतील तर तो प्रकार वेगळा, हे बघून घ्या. पूर्वी साधी, तातडी, अति तातडी असे बरेच दर होते. १ डिसेंबर २०२४ पासून दोनच उरलेत, नियमित आणि द्रुतगती. गावाकडच्या शेतजमिनीला दोन हेक्टरपर्यंत नियमितचे २००० रुपये आणि द्रुतगतीचे ८०००. नियमितला नव्वद दिवस, द्रुतगतीला तीस. आमचा बांध सात वर्षं हळूहळू सरकला होता, आणखी तीन महिन्यांनी काय होणार होतं? नियमित भरली.

हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात खातं आप्पांच्या नावावर, ओटीपी आप्पांच्या बटणाच्या फोनवर, आणि आप्पा दारं धरायला शेतात. मी पुण्यातून फोन करायचे, "आप्पा, आकडे आले का?" ते चष्मा शोधेपर्यंत वेळ संपायची. चौथ्या वेळी आईला जवळ बसवलं, तेव्हा जमलं. पैसे ग्रास या सरकारी भरणा संकेतस्थळावरून भरले आणि चलन छापून फाइलला लावलं.

आठ दिवसांनी अर्जात त्रुटी निघाली, आणि ती माझीच होती. लगतधारक म्हणजे चारी बाजूंचे शेजारी खातेदार. त्यांची नावं मी आठवणीतून लिहिली होती. आमच्याकडं नाना, बापू, अण्णा अशीच माणसं ओळखली जातात, त्यांची सातबाऱ्यावरची पूर्ण नावं मला कुठं माहीत! मग चारही बाजूंचे गट नंबर काढून प्रत्येकाचा डिजिटल सही असलेला सातबारा उतरवला. एकाला १५ रुपये, चाराचे ६०. तेव्हा कळलं की पश्चिमेच्या शेजाऱ्यांना जाऊन नऊ वर्षं झाली तरी वारसनोंद झालेली नाही. मुलं मुंबईला. त्यांचा पत्ता त्यांच्या भावकीतून मिळवला आणि अर्जात घातला, नाहीतर नोटीस गेलेल्या माणसाच्या नावानं गावात फिरून परत आली असती. शेजाऱ्यांचे सातबारे अर्जाच्या आधीच काढा. साठ रुपयांत पंधरा दिवस वाचतात.

२४ फेब्रुवारीला अर्ज पक्का झाला, मोजणी रजिस्टर नंबर मिळाला. तारीख पडली २७ मे.

मधले तीन महिने सगळ्यांत वाईट गेले. काही करायचं नसतं, आणि त्याचाच त्रास होतो. आप्पांचा रक्तदाब वाढला. चुलतभाऊ म्हणायचा, दोन मजूर लावू आणि रात्रीत बांध घालून टाकू. मी हात जोडले. मोजणीच्या आधी बांधाला हात लावला की कालचा गुन्हेगार आज फिर्यादी होतो. त्याऐवजी फोटो काढले. प्रत्येक फोटोत विहिरीचं थारोळं किंवा बोर येईल असं उभं राहून, म्हणजे जागा ओळखता यावी. शाळू काढल्यानंतर एकदा आणि उन्हाळी नांगरटीनंतर एकदा.

गावात वेगळीच चर्चा सुरू होती. लेक मोजणीला लागलीय म्हणजे आता हिस्सा मागणार. एका आत्यानं आईला सरळ विचारलं, "हक्कसोड केलीय नव्हं तिनं?" केलेली नाही, आणि मागितलेलाही नाही. पण मोजणीच्या मागं बाई लागलेली दिसली की लोकांना दुसरं काही सुचत नाही, असा माझा अनुभव.

याच काळात गट नकाशाची नक्कल मागवली, ती तीन आठवड्यांनी हातात आली. महाभूनकाशावर नकाशा घरबसल्या दिसतो, त्यावर पट्टी ठेवून मी बरेच अंदाज बांधले. ते अंदाज स्वतःच्या समाधानापुरते. त्यांच्या जोरावर कुणाशी भांडू नका.

२७ मे उजाडला तो पावसात. त्या वर्षी मेचा उत्तरार्ध कसा गेला हे शेतकऱ्यांना सांगायला नको. मॉन्सून २५ मेलाच महाराष्ट्रात पोचला आणि त्याच्याही आधीपासून वळीव झोडपत होता. मी रजा टाकून आदल्या रात्री स्वारगेटवरून आले होते. सकाळी भूकरमापकांचा, म्हणजे मोजणी करणाऱ्या सरकारी माणसाचा, फोन आला, "ताई, वाफसा येऊ द्या. मी चिखलात उभा राहीन, पण खुणा राहणार नाहीत." पुढची तारीख १९ जून. नव्या तारखेच्या नोटिसा पुन्हा सगळ्यांना जाव्या लागतात.

ज्यांचं काम अजून व्हायचंय त्यांच्यासाठी सांगते, फेब्रुवारी-मार्चमध्ये शाळू, गहू निघाल्यावर तारीख पडेल असं गणित करा. म्हणजे अर्ज दिवाळीच्या सुमारास. रानात ऊस उभा असेल तर कुणी काही मोजू शकत नाही.

१९ जून, गुरुवार. माझ्याकडं तयारीत दोन मजूर, टिकाव, दोन पोती फक्की (रेघ आखायची पांढरी पूड), सुतळी आणि सहा घडीव दगड. दगड दीडशेला एक. भूकरमापक साडेअकराला आले, वय तिशीच्या आत. हातात एक दांडा, दांड्याच्या टोकावर पांढरा डबा, आणि एक टॅब.

आप्पांनी दांड्याकडं बघितलं. "साखळी कुठाय?"

त्यांच्या लहानपणी मोजणी साखळीनं व्हायची. तेहतीस फुटांची साखळी, तिचे सोळा आणे. तेहतीस बाय तेहतीस म्हणजे एक गुंठा. एक माणूस साखळी ओढणार, दुसरा आणे मोजून ओरडणार, आणि सगळा गाव बांधावर बसून प्रत्येक आण्याला हरकत घेणार. या डब्यात ओढायला काही नव्हतं आणि ओरडायलाही. भूकरमापक एका जागी दांडा टेकवायचे, 'फिक्स' यायची, म्हणजे उपग्रहावरून जागा पक्की व्हायची, वाट बघायचे, आणि पुढं चालायचे. बोरीखाली फिक्स येईना, फांद्या आड येत होत्या. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या झाडाखाली गप्प उभे होतो. तात्याही आले होते, टोपी हातात घेऊन, आमच्यापासून दहा पावलांवर.

मला वाटलं होतं ते येऊन सरळ आमच्या बांधावर जातील. तसं नसतं. आधी ते दूरच्या जुन्या, न हललेल्या गोष्टी शोधतात. आमच्या बाबतीत विहीर, पश्चिमेचा दगडी ताल, आणि तीन गट मिळतात तिथला एक जुना दगड. हा दगड सापडेना. चुलतभाऊ अर्धा तास शोधत होता. शेवटी तात्याच म्हणाले, "घाणेरीत बघा. म्हातारा सांगायचा." घाणेरीच्या जाळीत तो होता, कलंडलेला, पण मुळाशी घट्ट. तात्यांनी तो दाखवला नसता तर काय झालं असतं कोण जाणे. जमीन महसूल संहितेप्रमाणं हद्दीच्या खुणा नीट ठेवायची जबाबदारी खातेदाराचीच असते. आमच्या तीन पिढ्यांत तो दगड कुणी साफही केला नव्हता.

दोन तासांत वहिवाटीची, म्हणजे प्रत्यक्ष कसली जाते तिथली, रेघ मोजून झाली. मग जबाब. तात्यांनी सही करायला नकार दिला. माझ्या पोटात गोळा आला, आता सगळं फिसकटणार. भूकरमापकांना त्याचं काहीच वाटलं नाही. "हजर होते, सही करण्यास नकार," असं पंचनाम्यात लिहिलं, पंचांच्या सह्या घेतल्या आणि पुढं चालले. शेजाऱ्याच्या सहीवाचून मोजणी अडत नाही, हे आधी माहीत असतं तर बरीच झोप मिळाली असती.

"साहेब, आमचं किती गेलं?" आप्पांनी विचारलं.

"नकाशा बसवल्याशिवाय सांगता येणार नाही बाबा. खुणा दाखवायला परत येईन."

परत येण्याचा दिवस ४ जुलै. तोवर वाफसा येऊन सगळीकडं पेरण्या झाल्या होत्या. तात्यांची बाजरी चांगली चार बोटं वर आली होती. मी बांधावर गेले आणि थबकले. खालच्या अंगाला, बांधालगत, एक पट्टा तात्यांनी पेरलाच नव्हता. वरच्या टोकाला पट्टा नव्हता. मध्यावर पेरणीच्या दोन ओळींएवढा रिकामा, आणि ओढ्याजवळ चांगला आठ फूट. तिरपा, पाचरीसारखा. कोळपून ठेवलेला, पण दाणा नाही.

भूकरमापकांनी टॅबवर बघत बघत फक्की टाकायला लावली. विहिरीजवळच्या टोकाला रेघ जुन्या बांधावरच पडली. खाली सरकत गेली तशी बांधापासून दूर जात राहिली, आणि ओढ्याजवळ सात फूट आत. पांढरी रेघ सगळी त्या न पेरलेल्या पट्ट्यातून गेली. बाजरीच्या एकाही ताटाला लागली नाही. बोर बरोबर रेघेवर.

हिशेब केला तर दीड आर, म्हणजे दीड गुंठ्यालाही थोडं कमी. सहा महिने, पोलीस ठाणं, रक्तदाब, आणि दीड आर! पण आप्पांनी खाली बसून फक्की बोटानं चाचपली आणि म्हणाले, "एवढंच म्हणत हुतो मी."

दगड रोवताना तात्या माझ्याजवळ आले. "ताई, तुझं झालं. आता माझं बघ की जरा." त्यांनी घरून टेप आणली होती. एक टोक मी धरलं, रेघेवर. दुसरं धरून ते रस्त्याकडं चालत गेले. टेप संपली की खूण, परत पुढं. रस्त्याच्या चारीपाशी थांबून त्यांनी आकडा सांगितला. मी नकाशावर पट्टी ठेवून बघितलं. खालच्या बाजूला त्यांचं रान आठ-नऊ फूट कमी भरत होतं. दहा-बारा वर्षांपूर्वी रस्ता रुंद झाला, चारी खोदली, भराव पडला, तेव्हा कुणी मोजलं नाही आणि कुणी विचारलंही नाही. तात्यांनी तासं, म्हणजे नांगराच्या ओळी, मात्र पूर्वी होती तेवढीच धरली. रस्ता इकडं सरकला म्हणून ते इकडं सरकले.

मी भूकरमापकांना विचारलं. त्यांनी टॅब पिशवीत घातला. "तात्यांचा गट या अर्जात नाही. मी त्यावर काहीच बोलणार नाही." रुक्ष वाटलं, पण त्यांचं बरोबर होतं. माझं पट्टीनं काढलेलं माप कागदावर शून्य.

घरी आल्यावर आप्पांना सांगितलं. मला वाटलं होतं ते जरा विरघळतील. "त्याचं रस्त्यानं खाल्लं म्हणून त्यानं माझं खायचं?" त्यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, अजून नाही. पण पट्टा न पेरल्याचं सांगितलं तेव्हा बराच वेळ गप्प बसले. मग आईनं चुलीपासून उठत सहज सांगितलं की विरजण ती अजून तात्यांच्या घरच्या काकींकडूनच आणते, जानेवारीपासून एक दिवस खंड नाही. "भांडण तुमचं हुतं. दही कुणाच्या घरनं आणायचं मग?"

'क' प्रत ऑगस्टमध्ये मिळाली. नकाशाचा हा कागद जपून ठेवा, स्कॅन करून दोघा-तिघांच्या फोनवर ठेवा. यात वहिवाटीची रेघ आणि हद्दीची रेघ वेगळी दाखवलेली असते, अतिक्रमण असेल तर तेही दिसतं. तात्यांना हे मान्य नसतं तर त्यांना निमताना, म्हणजे फेर, मोजणी मागता आली असती, त्यावरही हरकत असेल तर सुपर निमताना. त्यांनी मागितली नाही. आणखी एक, मोजणी हद्द दाखवते, ताबा देत नाही. भूकरमापक कुणाला उठवत नाहीत. समोरचा सरकायला तयार नसेल तर पुढं कोर्ट, आणि तिथं ही 'क' प्रत लागते.

आम्ही घाई केली नाही. त्यांची बाजरी निघू दिली, दिवाळी होऊ दिली. भाऊबीजेला गेले तेव्हा काकींनी हाक मारून चहा दिला आणि तात्यांनी विषय काढला. बांध रेघेवर घालू, पण त्यांच्या ट्रॅक्टरला आमच्या खालच्या कोपऱ्यातून आत यायला वाट द्या. रस्त्याच्या चारीमुळं त्यांची जुनी वाट बंद झालेली. आप्पांनी विचार न करता "ये की" म्हटलं. मी म्हटलं, लिहून ठेवू. तात्यांचा चेहरा पडला. "ताई, तुझा बाप ये म्हणतोय आन् तू कागद काढतीस?"

दोन दिवस हेच चाललं. शेवटी मी त्यांना म्हटलं, "तात्या, तुमच्या रस्त्याचं कुणी लिहून ठेवलं असतं तर आज तुम्ही टेप घेऊन फिरला असता का?" मग ते तयार झाले. ५०० रुपयांचा स्टॅम्प (शंभराचा आता चालत नाही), नोटरी, दोन साक्षीदार. त्यात तीनच गोष्टी: 'क' प्रतीवरची हद्द दोघांना मान्य, बांध दोघांनी मिळून घालायचा आणि कुणी कोरायचा नाही, आणि कोपऱ्यातली वाट आप्पांच्या परवानगीनं. 'परवानगीनं' या शब्दावर वकिलांनी जोर दिला, म्हणजे उद्या तो वहिवाटीचा हक्क म्हणून उभा राहू नये. कुणाची जमीन कुणाच्या नावावर जाणार असेल तर असा नोटरीचा कागद पुरत नाही, त्याला नोंदणीकृत दस्तच लागतो. आमच्यात तसं काही जात नव्हतं.

१६ नोव्हेंबर, रविवार. जेसीबी दोन तास, तासाला तेराशे, निम्मे निम्मे. चालक बोर काढूनच टाकू म्हणत होता, सरळ बांध पडेल. आप्पा आणि तात्या एकाच वेळी त्याच्यावर ओरडले. वर्षभरात दोघांचं एकमत झालेलं पहिल्यांदा बघितलं.

माझा खर्च विचारणाऱ्यांसाठी: मोजणी फी २०००, सातबारे आणि नकला दोनशेच्या आत, वकील एकदा ५०० आणि कागद करताना १०००, दगड ९००, फक्की आणि मजुरी दोन दिवसांची मिळून अडीच हजार, स्टॅम्प आणि नोटरी निम्मे धरून ४५०, जेसीबी १३००. साधारण नऊ हजार. एसटीचं भाडं आणि अकरा रजा यात नाहीत. दीड आराची आमच्याकडची किंमत यापेक्षा जास्त आहे, पण फार जास्त नाही.

डिसेंबरात तात्यांचा फोन आला. त्यांना त्यांचा गट मोजायचाय, रस्त्याच्या अंगानं. मुलाला ते ऑनलाइन जमेना. "तुला ठाऊक हाय ते सगळं, तू भर." मी पुण्यात लॅपटॉप उघडला, ते तिकडं मोबाइल कानाला लावून बसले. ओटीपी दुसऱ्याच वेळी जमला. आप्पांपेक्षा त्यांची नजर बरी आहे. हद्द कायम, नियमित, २००० रुपये. मग लगतधारकांचा रकाना आला. पूर्वेला रस्ता. उत्तरेला, दक्षिणेला त्यांच्या भावकीतले, त्यांचे सातबारे आधीच काढून ठेवले होते. पश्चिमेला मी आप्पांचं पूर्ण नाव टाइप केलं, वडिलांच्या नावासकट, आणि खाली आमच्या घराचा पत्ता.

परवा नोटीस आली. आप्पांनी ती उलटीसुलटी करून बघितली आणि मला फोन लावला. "आपलं मिटलं नव्हतं का? आता हे कशाचं?"